सूर्य फुकट, हिशेब मात्र ठेवा

दिवसा वीज देणाऱ्या सौर योजनांत शेतकऱ्याने आणि ग्रामपंचायतीने काय पाहावे?

पौषातली रात्र. पावणेदोन वाजलेत. गव्हाला पाणी द्यायचंय आणि या आठवड्यात लाइटची पाळी रात्रीची. तुम्ही घोंगडं पांघरता, बॅटरी घेता आणि दारं धरायला रानात निघता. बांधावर पाय टाकताना घोणस तर नाही ना, ही धास्ती. शेजारी ऊस असेल तर बिबट्याची आणखी एक. घरात कारभारीण जागीच. तुम्ही पोचता, मोटार चालू करता, आणि अर्ध्या तासात फेज जातो. मग मोटारीच्या खोपीत बसून लाइटची वाट पाहायची.

ही रात्रपाळी तुम्ही केली, तुमच्या वडलांनीही केली. नोकरीतल्या माणसाला रात्रपाळीचा भत्ता मिळतो. शेतकऱ्याला मिळाली ती सर्दी, अपुरी झोप आणि कधी कधी सर्पदंश. म्हणून आता "शेतीला दिवसा वीज" म्हटलं की शिवारात कान टवकारले जातात. राज्य सरकारने त्यासाठी सौर ऊर्जेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आहे. तो चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण चांगल्या योजनेतही आपला हिशेब आपणच ठेवायचा असतो. तो कसा, एवढंच आज या पानावर पाहू.

रात्रीच वीज का मिळायची?

पुष्कळांना वाटतं, शेतकऱ्याला मुद्दाम रात्री वीज देतात. तसं नाही. आपली बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. औष्णिक केंद्राचा बॉयलर म्हणजे घरची चूल नव्हे, की काडी लावली पेटली आणि पाणी मारलं विझली. तो रात्रंदिवस चालता ठेवावा लागतो. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकानं वीज ओढतात. रात्री शहर झोपलं की मागणी उतरते आणि उरलेली वीज शेतीच्या वाट्याला येते. म्हणून कृषी वाहिन्यांना आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळी लागली.

सूर्याच्या विजेने हे गणित उलटं केलं. ती तयार होते सकाळी आठ-नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत. साठवून ठेवायची तर बॅटरी महाग, आणि सूर्य मावळल्यावर ती हातात नाही. मग दिवसा भरपूर वीज लागणारं आणि मिळेल तेव्हा काम उरकणारं गिऱ्हाईक कोण? शेतीचा पंप. पिकाला पाणी रात्री बाराला दिलं काय आणि दुपारी बाराला दिलं काय, पिकाची तक्रार नसते. थोडक्यात, सौर विजेला जसं गिऱ्हाईक हवं तसा शेतकरी आहे, आणि शेतकऱ्याला हवी तशी ही वीज आहे.

योजना काय आहे?

२०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. सुरुवातीचा प्रकल्प अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे त्या वेळच्या नगर जिल्ह्यातल्या, राळेगणसिद्धीला झाला. कल्पना सोपी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रात आणायची आणि तिथूनच कृषी वाहिनीवर सोडायची. विदर्भातून शेकडो किलोमीटर तारांवरून वीज आणायची, वाटेत गळती सोसायची, तो व्याप कमी.

पहिली काही वर्षं काम रेंगाळलं. २०२३ मध्ये सरकारने योजनेची दुसरी आवृत्ती आणली. डिसेंबर २०२५ पर्यंत निदान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर विजेवर आणायच्या, असं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. पुढे ते वाढवून १६ हजार मेगावॉटपर्यंत नेलं. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, तीन मेगावॉटचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकूण १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमची कृषी वाहिनी या योजनेत असेल, तर तुम्हाला अर्ज करायचा नाही, शेतात प्लेटा बसवायच्या नाहीत, मोटार बदलायची नाही. तार तीच, मीटर तोच, मोटार तीच. वीज तेवढी दिवसा येणार. "सोलरचं कनेक्शन करून देतो" म्हणून कोणी या कामासाठी पैसे मागायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

सरकारला यात काय मिळतं?

योजना उपकार म्हणून घेतली की प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून सरकारची बाजूही माहीत असू द्या. सरकारी आकड्यांप्रमाणे मार्च २०२४ अखेर राज्यात ४७ लाख ४१ हजार कृषी पंपांचे ग्राहक होते. वीज ग्राहकांत त्यांचं प्रमाण १६ टक्के, पण एकूण वापरात त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के. या विजेचं पूर्ण बिल शेतकरी भरत नाही. उरलेला भार कारखान्यांच्या चढ्या दरावर आणि सरकारी तिजोरीवर पडतो. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. ते पैसेही सरकारच भरतं.

या सौर प्रकल्पांची वीज युनिटला साधारण तीन रुपयांच्या आसपास पडते. कोळशाच्या विजेचा सगळा खर्च धरून ती पंपापर्यंत पोचवायला याहून बरेच जास्त लागतात. म्हणजे शेतीची वीज सूर्यावर गेली की सर्वात आधी ओझं हलकं होतं ते सरकारचं आणि वीज कंपनीचं. यात वाईट काही नाही. दोघांचाही फायदा असलेला व्यवहारच टिकतो. पण म्हणूनच दिवसा वीज वेळेवर आली नाही, तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

दुसरा हिशेब कोळशाचा. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. तेवढीच वीज आजच्या मिश्रणातून घेतली तर हजारभर टन कर्बवायू हवेत जातो. हा कर्बवायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा साठतो आणि उष्णता अडवतो, असं शास्त्र सांगतं. त्याचा परिणाम आपल्या रानात काय, हे तुम्हाला शास्त्रज्ञाने सांगायला नको. ऐन काढणीत पाऊस, गारपीट, हरभऱ्याच्या ऐन थंडीत पडलेला उकाडा, हे तुम्ही पाहिलंच आहे. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणायचं जाहीर केलं. ते वर्ष लांबचं वाटेल, पण त्याची सुरुवात उपकेंद्रामागच्या माळावर होते आहे.

आणि कोळशाला पाणीही लागतं. २०१५ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. विहिरीला पाणी नाही म्हणून पीक वाळलं आणि धरणाला पाणी नाही म्हणून वीजही थांबली, हा अनुभव मराठवाड्याने घेतलाय. सौर प्लेटांना पाणी लागतं ते फक्त धुण्यापुरतं.

स्वतःचा सौर पंप घ्यायचा असेल तर

ज्यांच्या शेतात विजेची जोडणीच नाही, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे. तिला जोड देऊन राज्याने २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आणली. यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. बाकीचं केंद्र आणि राज्य पाहतं. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ अश्वशक्तीचा पंप, अडीच ते पाच एकरांना ५ चा, आणि त्यापुढे साडेसातचा. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच धरलेला आहे.

अर्जाआधी एवढं तपासा. विहीर, बोअर किंवा शेततळं, जो काही पाण्याचा स्रोत असेल त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे आधी जा. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं सामाईक असतील तर त्यांचं ना-हरकतपत्र लागतं. ते गोडीगुलाबीने आधीच घ्या. मोटार आल्यावर भांडण नको. जलसंधारणाच्या कामातून साठलेल्या पाण्यावर हा पंप चालवायला परवानगी नाही, हेही ध्यानात ठेवा.

मुख्य म्हणजे पाणी किती खोल आहे ते सांगून पंप निवडा. तीन अश्वशक्तीच्या पंपाबरोबर साधारण तीन हजार वॉटच्या प्लेटा येतात, पाचच्या पंपाला ४ हजार ८०० वॉटच्या. ढग आले की पाणी कमी, ऊन तापलं की जास्त; सकाळी नऊला आणि दुपारी एकला सारखी धार मिळणार नाही. खोल बोअरवर छोटा पंप बसवला तर धार करंगळीएवढी येणार आणि दोष सूर्याला जाणार. प्लेटा आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. माती किंवा राख लावून घासू नका. प्लेट किंवा केबल चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा. तिची प्रत नसेल तर विम्याचं काम अडतं.

जमीन भाड्याने देताना

आता जमिनीचं. सौर प्रकल्पाला एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. सरकारी जागा पुरत नाही, तिथे शेतकऱ्याची जमीन भाड्याने घेतात. योजनेचा दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड, कोरडवाहू, कुसळं उगवणाऱ्या माळाला हा भाव वाईट नाही. पेरणी नाही, फवारणी नाही, बाजारभावाची चिंता नाही.

पण हा पाव शतकाचा करार आहे. आज तुमचा मुलगा दहावीत असेल तर करार संपताना तो चाळिशीत असेल. म्हणून सही करण्याआधी एक गोष्ट कागदावर शोधा: तीन टक्के वाढ मूळ रकमेवर आहे की दरवर्षीच्या चढत्या रकमेवर? समजा, एकरी ५० हजारांनी सुरुवात झाली. वाढ मूळ रकमेवर असेल तर दरवर्षी दीड हजार वाढून पंचविसाव्या वर्षी ८६ हजार होतील. चढत्या रकमेवर असेल तर एक लाखाच्या वर जातील. एका ओळीचा हा फरक शेवटी एकराला साडेपंधरा हजारांचा होतो. दोन्ही हिशेब करून पाहा, आणि महागाई तीन टक्क्यांवर थांबणार आहे का, हेही स्वतःला विचारा.

बाकी प्रश्न असे. भाडं कोण देणार आणि कोणत्या महिन्यात? उशीर झाला तर काय? प्रकल्प उभाच राहिला नाही तर जमीन कधी मोकळी होणार? मुदत संपल्यावर सिमेंटचे पाये आणि लोखंड कोण काढणार? बांधावरची वहिवाट, ओढा, शेजाऱ्याची पाइपलाइन यांचं काय? बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे का, आणि तिला विचारलंय का? कागद वकिलाला दाखवायला चार पैसे जातील, जाऊ द्या. काळी कसदार, पाण्याखालची जमीन मात्र प्लेटांखाली घालू नका. असं रान पुन्हा मिळत नाही.

गायरान कोणाचं?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. पुष्कळ प्रकल्प गावच्या सरकारी जमिनीवर, म्हणजे बऱ्याच ठिकाणी गायरानावर येतात. कागदावर ते पडीक असतं. पण तिथे कोणाच्या शेळ्या चरतात, कोणी भूमिहीन माणूस दोन एकर वाहून पोट भरतो, कोणाच्या तिथल्या वहिवाटीचा दावा वर्षानुवर्षं तहसीलला पडून असतो. दिवसा विजेचा फायदा विहीरवाल्याला, आणि चरणीचा तोटा शेळीवालीला, असं व्हायला नको. तिच्याकडे विहीर नाही, मोटार नाही. तिच्या वाट्याला या योजनेतून येतं ते फक्त तारेचं कुंपण.

सगळा माळ द्यायलाच हवा असं नसतं. किती जागा लागणार, तिची मोजणी झाली का, जनावरांना पाण्यावर जायचा रस्ता राहतो का, चराईला दुसरी जागा कोणती, वाहितदारांचं काय, हे ग्रामसभेत बोललं जावं. जागेचा नकाशा चावडीवर लागावा. आधी बोलणं झालं तर काम सुरळीत होतं. नाहीतर कुंपणाचे खांब रात्रीतून उपटले जातात आणि प्रकल्प वर्षभर अडतो.

ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षं, एकूण १५ लाख रुपये देण्याची तरतूद योजनेत आहे. तुमच्या गावात प्रकल्प झाला असेल तर हे पैसे आले का, कोणत्या खात्यात, आणि कशावर खर्च झाले, हे विचारा. ज्यांची चराई गेली त्यांच्या उपयोगाचं त्यातून काही करता आलं, उदाहरणार्थ चाऱ्याचं किंवा जनावरांच्या पाण्याच्या हौदाचं काम, तर ते कमानीपेक्षा शहाणपणाचं ठरेल.

डीपीचं दुखणं सूर्य बरं करत नाही

वीज सूर्याची आली तरी ती पोचते जुन्याच तारांवरून आणि जुन्याच रोहित्रातून. डीपीवर जोडण्या दहा आणि आकडे पाच, असं असेल तर ती दिवसाही जळेल. रात्री निदान काहीजण झोपलेले असायचे. आता लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम चालू होणार. म्हणून ऑटो स्टार्टर काढून टाका, मोटारीला कपॅसिटर बसवा, आणि डीपीवरच्या मंडळींनी मिळून वेळा वाटून घ्या. डीपी जळाली की ऐन दाण्यात आलेल्या ज्वारीचं काय होतं, हे पुन्हा सांगायला नको.

खरा धोका पाण्याचा

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. आजवर आपल्या विहिरीला एक राखणदार होता. तो म्हणजे विजेचा लपंडाव. लाइट नाही म्हणून मोटार बंद, मोटार बंद म्हणून विहिरीला दम. शिव्या आपण त्यालाच घातल्या, पण पाणी त्याने वाचवलं. आता दिवसा सलग वीज, बिल नाही, रात्रीचं जागरण नाही. स्वतःचा सौर पंप असेल तर ऊन आहे तोवर मोटार चालूच. मग थांबायचं कधी?

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखं भरून राहत नाही. भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढं मावेल तेवढंच. शेजारच्याने उपसलं तर आपलं खाली जातं, आपण उपसलं तर त्याचं. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर सुमारे एक लाख लिटर लागतं. पाटाने मोकाट सोडलं तर एका पाळीत दोन-तीन इंच सहज जातं. तेच ठिबकने दिलं तर पीकही सुखी आणि विहीरही. सौर पंपाबरोबर ठिबक, हीच जोडी खरी.

कायदाही आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा. तो २०१४ पासून लागू झाला. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. पण कायद्याचा हवालदार प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. हिवरेबाजारने कोणाची वाट पाहिली नाही. गावाने मिळून ठरवलं की बोअरचं पाणी शेतीला नाही, आणि दरवर्षी पावसाचं पाणी मोजून मगच पिकं ठरवायची.

तुम्ही निदान एवढं करा. एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. दर अमावस्येला सकाळी, मोटार चालू करायच्या आधी, विहिरीचं पाणी किती खाली आहे ते मोजा आणि खोपीच्या भिंतीवर खडूने लिहा. असं वर्षभर लिहिलंत तर सौर वीज तुमच्या रानाला काय देते आणि विहिरीतून काय नेते, ते तुम्हाला भिंतीवरच दिसेल. दहा जणांनी लिहिलं तर ग्रामसभेला गावचा हिशेब मिळेल.

ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला भरतातच. येत्या सभेत तीन प्रश्न मांडा: आपली कृषी वाहिनी सौर विजेवर आली का, नसेल तर कधी येणार? गायरानाचं आणि पंधरा लाखांचं काय? आणि गावच्या विहिरींची पातळी गेल्या वर्षीपेक्षा वर आहे की खाली?

पौषाच्या रात्री घरात झोपायला मिळणं, हा शेतकऱ्याचा हक्कच होता. तो आता कुठे मिळायला लागलाय. मात्र सकाळी उठून विहिरीत डोकावल्यावर पाणी दिसलं, तरच त्या झोपेला अर्थ.